देवदार का टिकतो?

देवदाराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. देवदार म्हणजे ते यंत्रांच्या खोक्यांचे हलके, पिवळट लाकूड ना? नखाने ओरखडा उठतो, दोन पावसाळे उघड्यावर राहिले की काळे पडते. मग हिमाचलातली शेकडो वर्षांची देवळे त्याच लाकडाची आहेत म्हणतात, ते कसे?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडच्या वखारीत आणि भंगारवाल्याकडे ‘देवदारी’ म्हणून जे मिळते, ते बहुतेक वेळा पाइन किंवा त्याच्या कुळातले दुसरे एखादे लाकूड असते. परदेशातून माल येतो, त्याच्या पेट्या मोडल्या जातात आणि त्या फळ्या सरसकट देवदारी ठरतात. खरा देवदार, वनस्पतिशास्त्रात ज्याला सेड्रस देवदारा म्हणतात, तो पश्चिम हिमालयातला वृक्ष. अफगाणिस्तानच्या पूर्वेकडून काश्मीर, हिमाचल, गढवाल करत तो नेपाळच्या पश्चिम भागापर्यंत पोहोचतो. साधारण १,७०० ते ३,००० मीटर उंचीवर, जिथे हिवाळ्यात बर्फ पडते, तिथे त्याची वने आहेत. उंची चाळीस-पन्नास मीटर सहज होते.

चंबा जिल्ह्यातील भरमौरला लक्षणादेवीचे देऊळ आहे. राजा मेरुवर्म्याच्या काळातले, म्हणजे इ. स. ७०० च्या आसपासचे. तिथल्या धातुमूर्तीवरील लेखात गुग्गा या कारागिराचे नाव कोरलेले आहे. या देवळाचे कोरीव दार, आतले खांब आणि छत देवदाराचे आहे. तेराशे वर्षे झाली, कोरीव काम अजून वाचता येते. हे लाकूड इतके टिकते तरी कशाने, ते या प्रकरणात पाहू.

१. मऊ लाकूड कशाला म्हणतात?

लाकडाच्या व्यापारात दोन मोठे गट मानतात, मऊ लाकूड आणि कठीण लाकूड. ही विभागणी हाताला लागणाऱ्या मऊपणावरून झालेली नाही, झाडाच्या कुळावरून झालेली आहे. देवदार, चीड, फर, स्प्रूस ही सुईसारख्या पानांची, शंकू धरणारी झाडे मऊ लाकडाच्या गटात येतात. साग, आंबा, शिसव, बाभूळ ही रुंद पानांची झाडे कठीण गटात. त्यामुळे काटेसावरीचे पिसासारखे हलके लाकूड शास्त्राप्रमाणे ‘कठीण’ ठरते, आणि देवदार त्याच्या कितीतरी पट मजबूत असूनही ‘मऊ’.

आतली रचनाही निराळी असते. अळूच्या देठांची जुडी घट्ट बांधून सुरीने आडवी कापली, तर कापावर सारखी, बारीक छिद्रे दिसतात. देवदाराचे लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली बरेचसे तसेच दिसते. उभ्या, पोकळ, काही मिलिमीटर लांबीच्या पेशी एकमेकींना चिकटून रांगेने बसलेल्या असतात. झाडाचे पाणी वर नेणे आणि झाडाला उभे ठेवणे ही दोन्ही कामे याच पेशी करतात. सागासारख्या झाडांत पाण्यासाठी वेगळ्या मोठ्या नळ्या असतात आणि ताकदीसाठी वेगळे तंतू, म्हणून त्यांचा पोत कमी-जास्त, खडबडीत वाटतो. देवदाराचा पोत एकसारखा असतो. रंधा मारला की पृष्ठभाग गुळगुळीत होतो, त्याचे कारण हे.

आणखी एक बारकावा इथेच सांगायला हवा. चीड किंवा पाइनच्या लाकडात राळेच्या नैसर्गिक नलिका असतात, म्हणून चिडाच्या खोडाला खाच पाडून राळ गोळा करता येते. देवदारात अशा नलिका सहसा नसतात. झाडाला जखम झाली तरच तो त्या तयार करतो. त्याचे सुगंधी तेल असते ते गाभ्याच्या सगळ्या लाकडात मुरलेले.

२. वजन किती, ताकद किती?

हवेवर नीट सुकलेला देवदार एका घनमीटरला साधारण ५६० किलो भरतो. साग साधारण ६५० च्या आसपास. म्हणजे देवदार सागापेक्षा हलका, पण फार हलका नव्हे. वजनाच्या मानाने त्याची ताकद चांगली, त्यामुळे तुळया, खांब, पुलाचे ओंडके यांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला.

या आकड्याचा अर्थ एका हिशेबातून कळेल. रेल्वेच्या रुंद मार्गाचा लाकडी स्लीपर ९ फूट लांब, १० इंच रुंद आणि ५ इंच जाड असे. त्याचे आकारमान होते सुमारे ०.०८८ घनमीटर. त्याला ५६० ने गुणले की वजन येते जेमतेम ५० किलो. तेवढ्याच जागेत पाणी मावले असते ८८ किलो. म्हणजे देवदाराचा स्लीपर पाण्यावर आरामात तरंगणार. ओला असताना तो जड असतो, तरीही तरंगतो. सालाचा ताजा ओंडका मात्र पाण्यापेक्षा जड भरतो आणि बुडतो.

या एका गुणाने हिमालयाचा इतिहास बदलला. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतात रेल्वे पसरू लागली तेव्हा लाखो स्लीपर हवे होते. देवदाराच्या जंगलांपर्यंत रस्ते नव्हते, नद्या होत्या. सतलज, चिनाब, रावी, झेलम, भागीरथी यांच्या पात्रांत लाकूड सोडायचे आणि खाली मैदानात अडवून काढायचे, ही पद्धत रुजली. हर्सिलला राहणाऱ्या फ्रेडरिक विल्सन या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून जंगल घेऊन भागीरथीतून हरिद्वारपर्यंत देवदार वाहून आणला आणि गडगंज पैसा केला. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. सरकारला वनखाते उभारण्याची निकड वाटली, त्यामागे स्लीपरसाठी चाललेली ही तोड हे एक मोठे कारण होते. देवदार तरंगत नसता, तर त्या खोऱ्यांतली कितीतरी वने वाचली असती, असे मला वाटते.

३. कुजणे आणि न कुजणे

वजन आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंब्याचे लाकूड देवदारापेक्षा जड असते. पण आंब्याची खुंटी जमिनीत रोवली तर थोड्याच वर्षांत तळाशी भुसा होतो. देवदाराच्या गाभ्याची खुंटी त्याच जमिनीत कितीतरी जास्त वर्षे निघते.

हे मोजण्याची पद्धत साधी आहे. ठराविक मापाच्या लाकडी खुंट्या उघड्यावर, वाळवी आणि बुरशी असलेल्या जमिनीत अर्ध्या पुरायच्या आणि त्या किती महिन्यांत निकामी होतात ते पाहत राहायचे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत अशा चाचण्या अनेक दशके झाल्या. ज्या लाकडाच्या खुंट्या सरासरी १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकतात ते पहिल्या वर्गातले, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या, त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या. देवदाराचा गाभा पहिल्या वर्गात आहे, सागाबरोबर. आंबा तिसऱ्या वर्गात आहे. भारतात मिळणाऱ्या शंकुधारी झाडांत देवदार सर्वांत टिकाऊ लाकडांपैकी मानला जातो.

इथे ‘गाभा’ हा शब्द महत्त्वाचा. खोडाचा आडवा काप पाहिला तर बाहेरचा पट्टा पांढरट आणि आतला भाग पिवळट-तपकिरी दिसतो. बाहेरचा पट्टा जिवंत वाहतुकीचा, त्यात पिष्ट आणि साखर असते. किडीला हवे तेच तिथे मिळते, म्हणून हा भाग देवदारातही लवकर खराब होतो. आतला भाग मेलेला असतो, पण मरताना झाड त्यात तेल आणि इतर द्रव्ये भरून ठेवते. देवदार टिकला नाही अशी तक्रार आली, तर फळीला पांढरा पट्टा होता का, हे आधी विचारावे.

४. वासात आहे काय?

देवदाराचा ताजा भुसा हातात घेतला की गोडसर, उबदार, किंचित कापरासारखा वास येतो. तो वास म्हणजेच गाभ्याचे संरक्षण. गाभ्याच्या चिपा वाफेवर ठेवल्या की त्यातून पिवळसर तेल निघते. त्यात मुख्यतः हिमाचलीन नावाचे रेणू असतात. प्रत्येकात पंधरा कार्बन, सहा कार्बनच्या कड्याला सात कार्बनचे कडे जोडलेले. सोबत हिमाचलॉल आणि अ‍ॅटलांटोन. या रेणूंची रचना उलगडण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात डॉ. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवदाराच्या तेलावर काम केले आणि १९६८ मध्ये हिमाचलीनची रचना मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पाषाण रस्त्यावरच्या प्रयोगशाळेने हिमालयातल्या झाडाचे रहस्य सोडवले, याचा मला फार अभिमान वाटतो.

हे रेणू बुरशीला आणि किडीला नकोसे असतात. कडधान्याला लागणाऱ्या भुंग्यावर तेलाचा परिणाम प्रयोगांतून दिसला आहे. डोंगरातल्या लोकांना हे आधीच माहीत होते. हिमाचलात देवदाराला ‘केलो’ म्हणतात. त्याची तेलकट लाकडे मडक्यात कोंडून तापवली की काळपट, घट्ट, उग्र तेल ठिबकते. ते ‘केलों का तेल’ गुरांच्या खरजेवर आणि जखमांवर लावतात, म्हणजे माश्या बसत नाहीत.

आपल्याकडेही देवदार घरात आलेला आहे, फक्त लाकूड म्हणून नाही. काष्ठौषधीच्या दुकानात त्याच्या चिपा मिळतात आणि बाळंतिणीला देतात तो देवदार्व्यादि काढा त्याच्याच नावाचा.

तेलामुळे तोटाही होतो. लोणी, चहा, मिठाई यांसाठी देवदाराची पेटी चालत नाही, पदार्थाला वास लागतो. हिमाचलात सफरचंदांच्या पेट्या होत्या त्या रई आणि तोस, म्हणजे स्प्रूस आणि फर, यांच्या लाकडाच्या, कारण त्यांना वास जवळजवळ नसतो.

५. सुताराच्या हाताखाली

हत्याराला देवदार सोपा. रेषा सरळ, करवत अडत नाही, धारदार रंध्याखाली लांब, अखंड छिलका निघतो. कोरीव कामात पटाशी दोन्ही दिशांना चालते. मात्र तो रेषेच्या बाजूने पटकन चिरतो. टोकाजवळ खिळा मारायचा असेल तर आधी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर फळी उकलते.

खरी अडचण गाठींची आणि तेलाची. गाठीभोवती तेल जास्त साठते आणि उन्हाळ्यात ते पृष्ठभागावर चिकट थेंबांनी फुटून येते. वर वॉर्निश किंवा तेलरंग असेल तर तो तिथे वाळतच नाही, डाग राहतो. काच-कागद तेलाने लवकर भरून जातो. यावर सुतार करतात ते असे : लाकूड पुरते सुकू द्यायचे, काम संपल्यावर पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्यायचा, त्यावर लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात द्यायचे आणि मग हवा तो रंग. लाखेचा थर तेलाला बराचसा अडवतो.

माझे मत विचाराल तर देवदाराला रंग लावूच नये. हिमाचलातल्या जुन्या घरांचे खांब उघडे असतात. ऊन-पावसाने ते चंदेरी करडे होतात आणि तसेच राहतात. ज्या लाकडाने स्वतःचे रक्षण करण्याची सोय आतच केलेली आहे, त्याला बाहेरून गुदमरवण्यात काय अर्थ?

कपाटाच्या कप्प्याला किंवा लोकरी कपड्यांच्या पेटीला आतून देवदार लावावा का, असेही विचारतात. लावावा, पण आतली बाजू मोकळी ठेवावी, तिथे पॉलिश नको. वरच्या थरातले तेल उडून गेले की वास मंदावतो. तेव्हा काच-कागदाने हलके घासले की आतला ताजा थर उघडतो आणि वास परत येतो. कसर लागणे कमी होते, थांबत नाही. कपडे धुऊन, ऊन देऊन ठेवणे हेच मुख्य. लाकूड ही मदत.

६. पाऊस आणि फुगणे

मनालीहून आणलेले कोरीव दार रत्नागिरीत बसवले आणि जूनमध्ये ते चौकटीत अडकले, तर दोष दाराचा नाही. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत दिसण्याइतके. अशा लाकडांसाठी ढोबळ हिशेब असा की ओलावा एक टक्क्याने वाढला तर फळीची रुंदी साधारण ०.२ टक्क्याने वाढते. समजा, २५ सेंटिमीटर रुंदीची फळी कोरड्या जागी १० टक्के ओलाव्यावर होती आणि कोकणच्या पावसाळ्यात ती १६ टक्क्यांवर गेली. सहा टक्के गुणिले ०.२, म्हणजे १.२ टक्के. २५ सेंटिमीटरचे १.२ टक्के म्हणजे ३ मिलिमीटर. दारात अशा चार फळ्या असतील तर १२ मिलिमीटर झाले. एवढी जागा आधी सोडली नाही तर दार अडकणारच. या बाबतीत देवदार इतर अनेक लाकडांपेक्षा शहाणा आहे, पीळ फारसा पडत नाही, पण फुगण्यातून सुटका त्यालाही नाही.

७. काठकुणी : भिंत कशी उभी राहते

देवदाराचा सर्वांत सुंदर उपयोग पाहायचा तर कुल्लू, किन्नौर, शिमल्याच्या वरच्या भागात जावे. तिथे काठकुणी नावाची बांधणी आहे. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोपरा.

आधी दगडाचा जाड चौथरा, जमिनीच्या चांगला वर. त्यामुळे लाकडाचा मातीशी संबंध येत नाही, आणि वाळवी व बुरशी या दोघींचा मुख्य रस्ताच बंद होतो. चौथऱ्यावर भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेने देवदाराच्या दोन तुळया समांतर ठेवतात. मधली पोकळी दगडांनी भरतात. त्यावर सुक्या दगडांचा थर, चुना नाही, मातीही नाही. मग पुन्हा तुळयांची जोडी. दोन तुळया एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून मध्ये आडवे लाकडी तुकडे बसवतात. त्यांची टोके बाहेरच्या बाजूला रुंद होत गेलेली असतात, त्यामुळे ती ओढली तरी निसटत नाहीत. कोपऱ्यावर एका भिंतीच्या तुळया दुसऱ्या भिंतीच्या तुळयांवर आळीपाळीने चढतात. सगळ्यावर स्लेटचे जड छप्पर आणि भिंतीच्या बाहेर खूप पुढे आलेली वळचण.

भूकंपात या भिंतीचे काय होते? चुन्याने जोडलेली दगडी भिंत ताठ असते. जमीन हलली की ती एका ठिकाणी चिरते आणि कोसळते. काठकुणी भिंतीतले सुके दगड थोडे थोडे सरकतात आणि त्या घासण्यात धक्क्याचा जोर जिरतो. दगडांनी बाहेर पडायचे म्हटले तर तुळया त्यांना धरून ठेवतात. देवदार इथे पट्ट्याचे काम करतो, आणि ते काम ताणाचे आहे. दगड दाब सोसतो पण ताण सोसत नाही. लाकूड रेषेच्या दिशेने दोन्ही सोसते. ४ एप्रिल १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात सुमारे वीस हजार माणसे गेली. कुल्लू खोऱ्यातला नग्गरचा किल्ला, काठकुणीचाच, उभा राहिला आणि आजही उभा आहे.

सराहनचे भीमाकाली मंदिर याच पद्धतीचे. मनालीचे हिडिंबा मंदिर राजा बहादूरसिंहाने १५५३ मध्ये बांधवले. त्याच्या चार छपरांपैकी खालची तीन देवदाराच्या फळ्यांची आहेत. बर्फ आणि पाऊस थेट लाकडावर पडतो, पण उतार इतका असतो की पाणी थांबत नाही. लाकूड ओले झाले तरी लगेच सुकते. देवदाराच्या बांधकामाचे सूत्र हेच आहे : तेल किडीला अडवते, आणि बांधणी ओलाव्याला थांबू देत नाही. दोन्हींपैकी एक गळाले की शतकांची गोष्ट दशकांवर येते. अलीकडे डोंगरात सिमेंटचे काम करताना देवदाराची तुळई थेट काँक्रीटमध्ये पुरतात, तेव्हा नेमके हेच होते. पाणी आत अडकते आणि टोक कुजते.

८. काश्मिरात पाण्यावर

काश्मिरात देवदार उलट टोकाला गेला, थेट पाण्यात. दाल सरोवरातल्या आणि झेलमवरच्या हाउसबोटींचे तळ देवदाराचे असतात. तळ सतत पाण्याखाली असतो आणि अनेक दशके टिकतो. झेलमवरचे जुने पूलही याच लाकडाचे होते. ओंडके आडवे-उभे रचून, मध्ये दगड भरून पायव्याचे चौकोन उभारायचे आणि वर जाताना ओंडके दोन्ही बाजूंनी पुढे काढत न्यायचे, म्हणजे मधले अंतर कमी होते.

श्रीनगरच्या जामा मशिदीत देवदाराचे ३७८ खांब आहेत, एकेक खांब अखंड खोडाचा. सुलतान सिकंदरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिचे काम सुरू केले. त्यानंतर तीनदा ती आगीत सापडली आणि तीनदा पुन्हा उभारली गेली.

कीड, बुरशी, भूकंप, बर्फ यांना पुरून उरणारा देवदार आगीपुढे मात्र हतबल होतो. तेल जे रक्षण करते तेच पेट घेते. जाड तुळई वरून कोळसा होऊन आतून काही काळ तग धरते, पण पातळ कोरीव फळ्या आणि छपरे झपाट्याने जातात. जानेवारी २००८ मध्ये कुल्लूतल्या मलाणा गावाला लागलेल्या आगीत घरे आणि देवळे राख झाली. दाटीने बांधलेल्या लाकडी गावांत आज सर्वांत मोठी गरज पाण्याच्या टाक्यांची आणि सुरक्षित वीजजोडणीची आहे.

९. आता कुठे मिळतो?

देवदार हळू वाढतो. इमारतीच्या लाकडाजोगे खोड व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतात, आणि काही झाडे हजार वर्षांच्या पुढे जातात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील शास्त्रज्ञ देवदाराची वर्षवलये मोजून शेकडो वर्षांपूर्वीचे पाऊसमान काढतात. रुंद वलय म्हणजे चांगले वर्ष, अरुंद म्हणजे कोरडे. तेव्हा हिरवे झाड तोडण्यावर कडक बंधने आहेत हे योग्यच आहे. हिमाचलात जमिनीचा परंपरागत हक्क असलेल्या कुटुंबांना घरबांधणीसाठी सरकारकडून ठरावीक लाकूड मिळते, त्याला तिथे ‘टीडी’ म्हणतात. बाकीचे वनमहामंडळाच्या लिलावातून येते आणि महाग असते. म्हणून डोंगरातले लोक जुने घर उतरवले की तुळया जपून ठेवतात आणि नव्या घरात घालतात. शतकभर जुनी तुळई बहुतेकदा नव्या ओंडक्यापेक्षा चांगली निघते, कारण ती पुरती सुकलेली असते.

महाराष्ट्रात कुणी देवदार म्हणून फळी दाखवली तर तीन गोष्टी पाहाव्यात. एका कडेला करवतीचा ताजा काप घेऊन वास घ्यावा. गोड, उबदार वास आला तर आशा आहे. टर्पेंटाइनसारखा तीव्र वास आला तर ते पाइन. दुसरे, गाभ्याचा पिवळट-तपकिरी रंग आणि बोटाला लागणारा किंचित तेलकटपणा. तिसरे, भिंगातून काप पाहावा. राळेच्या नलिकांचे ठिपके जागोजागी विखुरलेले दिसले तर ते पाइनच. नलिका नसतील, किंवा जखमेजागी एका ओळीत बसलेल्या असतील, तर दुकानदाराला पुढचा प्रश्न विचारावा : माल कुठून आला, आणि वाहतुकीचा परवाना आहे का.